प्रश्न तुमचे, उत्तर शेडमधून: टर्बो, रेडिएटर आणि ‘थई जशे’

मागच्या अंकात सहज लिहून गेलो, की पुतण्याच्या जुन्या मारुती एस्टीमसाठी आम्ही आमच्याच शेडमध्ये टर्बोची, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, तयारी करतोय. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळी तुंबलेल्या ड्रेनेजचे आणि गिझरचे प्रश्न बाजूला ठेवावे लागले. हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्याला गाडीतलं काय कळतं, असंही एकाने विचारलंय. बरोबर आहे. पण रेडिएटर हा हीट एक्स्चेंजरच, म्हणजे एकाची उष्णता दुसऱ्याला देणारा, टर्बोने तापवलेली हवा थंड करणारा इंटरकूलरही तोच, आणि इंजिनाचा धूर टर्बोपर्यंत नेणारा मॅनिफोल्ड म्हणजे दोन्ही टोकांना जखडलेला लालबुंद पाइप. या तिन्हींशी माझी तीस-पस्तीस वर्षांची ओळख आहे. इंजिनाचं पोट मात्र आमचा मेकॅनिक उघडतो, मी नाही.

काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. १.३ लिटरच्या पेट्रोल इंजिनासाठी टर्बो मॅनिफोल्ड बनवायचाय. मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांत विचारलं तर सगळेच ‘थई जशे’ (होऊन जाईल) म्हणतात. पण एक जण जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) एल्बो आण म्हणतो, दुसरा ३०४ स्टेनलेस म्हणतो, तिसरा म्हणतो साधं लोखंड पुरे. कोणाचं ऐकू?
– एक विद्यार्थी, कारेलीबाग, बडोदे

‘थई जशे’ हे आपल्या गावाचं ब्रीदवाक्य आहे. ते ऐकलं की मी उलट विचारतो, ‘आतून कसं दिसेल?’ यावर जो गप्प होतो त्याच्याकडून काम घ्यायचं नाही.

जीआयवाल्याला लांबूनच नमस्कार कर. त्या एल्बोवरचं जस्त वेल्डिंगच्या आचेत जळतं, पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. नळाच्या सामानाला नळावरच राहू दे.

साधं लोखंड चालतं, पण साडेपाचशे अंशांच्या पुढे त्याचे पापुद्रे सुटायला लागतात आणि ते पापुद्रे जातात थेट टर्बाइनच्या पंख्यात. पेट्रोल इंजिनाचा धूर जोरात चालवताना नऊशेच्या पुढे सहज जातो. म्हणून माझं मत ३०४एल स्टेनलेस, शेड्यूल १० जाडीचा, सव्वा इंची पाइप. बाहेरून ४२.२ मिलिमीटर, जाडी २.७७, म्हणजे आतून साडेछत्तीसच्या आसपास. तुझ्या इंजिनाला तेवढं पुष्कळ झालं. एल्बो लाँग रेडियसचे घे, म्हणजे वळणाची त्रिज्या पाइपाच्या मापाच्या दीडपट. नंदेसरी-रणोलीकडच्या केमिकल प्लँटांच्या कृपेने हे एल्बो आपल्याकडे भाजीसारखे मिळतात. हा माल पुण्या-मुंबईहून मागवणारे बडोदेकर पाहिले की मला हसू येतं. ३२१ जातीचं स्टेनलेस कुठे मिळालं तर सोनंच, फक्त त्याला फिलर, म्हणजे सांध्यात वितळवायची तार, ३४७ ची लागते, कारण ३२१ मधलं टायटॅनियम आर्कमध्ये टिकत नाही. ३०४एल ला ३०८एल.

आता दुखणं ऐक. स्टेनलेस तापलं की फार पसरतं. तीनशे मिलिमीटर लांबीचा पाइप सातशे अंशांनी तापला, तर पावणेचार मिलिमीटर लांब होतो. पण इंजिनाच्या ज्या हेडला तो बोल्टने आवळलाय ते पाण्याने थंड ठेवलेलं, शंभरच्या आसपासच. तो पाइप करणार काय? एकतर फ्लँज, म्हणजे हेडला बसणारी बोल्टांची जाड पट्टी, वाकवणार, नाहीतर वेल्डच्या कडेला तडकणार. म्हणून चार पोर्टांची (धूर बाहेर पडणाऱ्या तोंडांची) फ्लँज एकसंध ठेवायची नाही. वेल्डिंग संपलं की दोन पोर्टांच्या मध्ये हॅकसॉने काप द्यायचा आणि टोकाची भोकं थोडी लांबट करायची. टर्बो आणि त्याला लटकणारा पाइप यांचं वजन मॅनिफोल्डवर टाकायचं नाही, इंजिन ब्लॉकवरून वेगळा ब्रॅकेट घ्यायचा. खालच्या पाइपात एक बेलो, म्हणजे लवचिक नळीचा तुकडाही हवा, कारण इंजिन डुलतं आणि सायलेन्सर डुलत नाही. या ब्रॅकेटकडे कोणी ढुंकून पाहत नाही, फोटोतही तो येत नाही. तडकलेले मॅनिफोल्ड मात्र माझ्याकडे येतात ते बहुतेक बिनब्रॅकेटचेच.

फ्लँजचं माप नेटवरच्या ड्रॉइंगवरून घेऊ नकोस. नवी गॅस्केट पुठ्ठ्यावर ठेव, पेन्सिलीने छाप, भोकं पाड आणि तो पुठ्ठा हेडच्या स्टडांवर घालून बघ. अर्धा मिलिमीटर कुठे अडतोय ते पुठ्ठा सांगतो. मगच १२ मिलिमीटरच्या प्लेटवर लेझर कटिंगला दे. वेल्डिंगच्या आधी ती २५ मिलिमीटरच्या जाड प्लेटला बोल्टने घट्ट आवळायची, नाहीतर तिचं केळं होतं. त्याच प्लेटवर पूर्ण थंड होऊ द्यायची आणि मग मिलिंगवर फेसिंग घ्यायचं. एवढं करूनही आमची पहिली फ्लँज मधोमध ०.४ मिलिमीटर उचलली होती, फीलर गेजच सरळ आत गेला.

आणि आतून कसं दिसेल, याचं उत्तर. आर्गन वेल्डिंग करताना बाहेरून गॅस असतो, पण पाइपाच्या आत हवाच असते. आत आर्गन सोडला नाही, तर वेल्डच्या मागच्या बाजूला करपलेल्या चिक्कीसारखे काळे दाणे उठतात. शेडमध्ये त्याला ‘शुगरिंग’ म्हणतात. हे दाणे सुटले तर पुढे टर्बाइन आहे, आणि ती मिनिटाला लाखभर फेरे घेत असते. म्हणून पाइपाची दोन्ही तोंडं अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करायची, एकातून हळू आर्गन सोडायचा, दुसऱ्याला सुईएवढं भोक ठेवायचं आणि आतली हवा निघेपर्यंत थांबायचं. काम संपल्यावर करंगळी आत घालून फिरव. गुळगुळीत लागलं तर पैसे दे. ओरखडलं तर परत कर.

मे महिन्यात सुरसागरला एक फेरी मारली तरी गाडीचा काटा लालकडे जातो. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाका, नाहीतर जाड रेडिएटर बनवून घ्या. पुढे टर्बो लावायचा विचार आहे. काय करावं?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदे

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. ८२ अंशांना उघडणारी ती वाटी नुसती दार नाही. बऱ्याच इंजिनांत ती उघडताना बायपासचा रस्ता बंद करते. ती काढली की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्यातलं काही पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच इंजिनात परत फिरतं. म्हणजे हायवेवर इंजिन गारठलेलं आणि मांडवीच्या गर्दीत उकळलेलं. दोन्हीकडून नुकसान. अडकत असेल तर नवा घाला. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दोऱ्याने टांगून उघडतो का ते घरीच बघता येतं. बायकोच्या चहाच्या पातेल्यात नको, हा अनुभव.

आता तुमचं मूळ दुखणं. रेडिएटर किती उष्णता टाकतो, हे पाण्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर चालतं. पाणी ९५ अंश धरा. जानेवारीतल्या सकाळी हवा १५, फरक ८०. मेमध्ये हवा ४३, फरक ५२. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण ताकद एक तृतीयांशाहून जास्त गेली. बडोद्यात रेडिएटर मेच्या मापानेच करायचा, दिवाळीच्या नाही.

पण ‘जाड’ याला घाई करू नका. गाभा, म्हणजे नळ्या आणि जाळी, जाड केला की हवेला आत शिरायला अडचण होते आणि मागच्या ओळींना पुढच्यांनी तापवलेलीच हवा मिळते. आधी लांबी-रुंदी वाढवता येते का बघा. जाडी शेवटी. आणि त्याहीआधी पंख्याचं आवरण, ज्याला सगळे श्राउड म्हणतात. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी थेट जाळीला बांधलेला पंखा फक्त स्वतःच्या वर्तुळाएवढीच हवा ओढतो, चारी कोपरे कोरडे. दीड मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम पत्र्याचा डबा वाकवून संपूर्ण गाभा झाका, पंखा जाळीपासून दोन बोटं मागे घ्या. पुतण्याच्या गाडीत नुसत्या या डब्याने गर्दीतला काटा खाली आला. पत्रा आमच्या भंगारातलाच होता, खर्च आला तो रिव्हेटांचा. पंख्याला रिले आणि त्याचा स्वतंत्र फ्यूज लावा, स्विचातून सरळ वायर नेऊ नका.

रेडिएटरचं झाकणही बघा. ०.९ बार दाब धरणारं झाकण धड असेल तर आतलं साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर वाळलं, की शंभरलाच खदखदतं. पुष्कळदा ‘रेडिएटर बदला’ची किंमत त्या झाकणाएवढीच असते. आणि बोअरचं पाणी ओतू नका. आपल्याकडच्या क्षारांनी अॅल्युमिनियमच्या नळ्या आतून चुनखडतात. बॅटरीत घालतो ते पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे.

नवा रेडिएटर करून घेताना टाक्यांच्या वेल्डला ४०४३ ची फिलर आहे का, विचारा. ५३५६ दिसायला चकचकीत येते, पण तिच्यात मॅग्नेशियम जास्त. ६५ अंशांच्या वर कायम तापणाऱ्या जागी ती कालांतराने तडकते. गाभा भट्टीत ब्रेझ केलेला असतो, त्यामुळे टाकीच्या कडेला वेल्ड करताना ओलं फडकं ठेवावं लागतं, नाहीतर शेजारचे सांधेच वितळतात. मग पाण्याच्या हौदात बुडवून हवेने सव्वा बारपर्यंत टेस्ट. जास्त नको. पाण्याने टेस्ट करताना फुटलं तर गळतं, हवेने फुटलं तर उडतं.

टर्बोनंतर यात भर पडेल. ४० अंशांची हवा अर्ध्या बारने दाबली की ती साधारण ९५ अंशांवर बाहेर येते. हा कंप्रेसर, म्हणजे टर्बोचा हवा दाबणारा भाग, ७० टक्के कार्यक्षम धरून केलेला हिशेब आहे, भंगारातला टर्बो त्याहून वाईट. बरा इंटरकूलर तिला पंचावन्न-साठवर आणतो. ती काढलेली उष्णता जाते कुठे? इंटरकूलरमागे उभ्या असलेल्या तुमच्या रेडिएटरच्या तोंडावर. म्हणून दोघांत दोन बोटांचं अंतर ठेवा, बाजूच्या फटी फोमने बंद करा, नाहीतर हवा शहाणी आहे, ती गाभ्यातून न जाता कडेने पळते.

टर्बो बसवल्यावर निळा धूर येतो. टर्बो दोनदा बदलला. विकणारा म्हणतो तेल चुकीचं.
– एक त्रस्त, वाघोडिया रोड

तेल चुकीचं नाही, तेलाचा परतीचा रस्ता चुकीचा असावा. अशीच एक गाडी आमच्या शेडला आली होती. मालकाने हौसेने निळ्या सिलिकॉनच्या नळ्या, पॉलिश केलेले पाइप, सगळं केलेलं. खाली वाकून पाहिलं तर टर्बोतून परत येणारी तेलाची नळी अॅक्सलला चुकवायला खाली जाऊन पुन्हा वर चढलेली, अगदी बेसिनखालच्या यू-ट्रॅपसारखी. टर्बोत तेल दाबाने जातं, पण बाहेर पडतं ते फेस होऊन, नुसतं वजनाने घरंगळत. त्याला चढ चालत नाही. तेल तुंबलं की सीलवरून टर्बाइनमध्ये गळतं, धूर होतो, आणि बिचाऱ्या सीलला शिव्या बसतात.

परतीची नळी आतून किमान १२ मिलिमीटर हवी, मी १६ घालतो. सरळ खाली, वळण नाही, आणि सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी. सम्पचा पत्रा पातळ असतो, त्यावर बुश वेल्ड केल्यावर माझ्या आजोबांच्या काळापासूनची टेस्ट घेतो: बाहेरून खडू फासायचा, आतून सांध्यावर रॉकेल लावायचं आणि चहा प्यायला जायचं. परत आल्यावर खडूवर ओला डाग दिसला तर गळती. रॉकेल हल्ली शोधावं लागतं, डिझेलवर भागतं. हे करूनही धूर राहिला, तर क्रँककेसचा श्वास, म्हणजे ब्रीदरचा पाइप, चोंदलाय का बघा. आणि जोरात चालवून आल्यावर चावी लगेच फिरवू नका, एखादं मिनिट इंजिन चालू द्या, नाहीतर थांबलेलं तेल टर्बोच्या बेअरिंगमध्येच करपतं.

भंगारात डिझेल गाडीचा टर्बो स्वस्तात मिळतोय. पेट्रोल इंजिनाला चालेल?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

बसेल. किती दिवस, ते तुमच्या उजव्या पायावर. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा थंड असतो, त्यामुळे त्या टर्बोचं टर्बाइनचं घर साधारण साडेआठशे अंशांपर्यंतच्या ओतीव लोखंडाचं असतं. पेट्रोलच्या टर्बोला जास्त निकेलचं ओतीव किंवा स्टेनलेसचं घर देतात. शिवाय डिझेलच्या बऱ्याच टर्बोंना पाण्याची वाट नसते, फक्त तेल. अर्ध्या बारच्या आत राहिलात आणि मिश्रण सुकं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, होऊ दिलं नाही, तर शिकण्यापुरता चालेल. विकत घेण्याआधी शाफ्ट बोटाने हलवून बघा. किंचित डुलला तर चालेल, पाती घराला घासली तर तिथेच ठेवून या.

सिलिकॉनची होज दाब आला की निसटते. क्लॅम्प किती आवळू?
– एक वाचक, अलकापुरी

आवळून काही होणार नाही. ५० मिलिमीटरच्या पाइपावर अर्धा बार म्हणजे दहा किलोचा रेटा. पाइपाच्या तोंडाला गोल कड काढून घ्या, मशीन नसेल तर वेल्डचा बारीक गोट चढवा. होजमधलं तेल पुसा. टी-बोल्टचा क्लॅम्प कडेच्या मागे बसवा.

माझा मुलगा रात्री अकरापर्यंत मित्राच्या गॅरेजमध्ये ‘इंटरकूलर’ करत असतो. डोळे लाल घेऊन येतो. हे कायदेशीर तरी आहे का हो?
– एक आई, दांडिया बाजार

ताई, मुलगा दारू पीत नाही, एवढं नक्की समजा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं म्हणत असेल, तर तो बिनकाचेचा आर्क पाहतोय. टीगच्या, म्हणजे आर्गनच्या, वेल्डिंगला धड हेल्मेट घेऊन द्या, वाढदिवसाची वाट पाहू नका. डोळ्याच्या डॉक्टरांकडे एकदा नेऊन आणा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जुन्या इंटरकूलरच्या आतलं तेल काढायला ही मुलं ट्रायक्लोरोइथिलीन नाहीतर कसलातरी ब्रेक क्लीनर मारतात. क्लोरीन असलेलं द्रावण पूर्ण सुकायच्या आत त्यावर वेल्डिंगचा आर्क पडला, की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. फॉस्जीन काय ते आपल्या गावात सांगायला नको, निम्म्या घरांत केमिकलमध्ये काम केलेला माणूस आहे. साबणाच्या गरम पाण्याने धुवा, अॅसिटोनने पुसा, पूर्ण वाळवा. शेडचं दार उघडं ठेवा.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२. आरसी बुकात लिहिलेल्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. टर्बो लावलाय हे विमा कंपनीला अपघातानंतर कळू नये, आधी कळावं. आमच्या घरी ठरलंय, टर्बो लागला की ती गाडी रस्त्यावर नाही, टेम्पोवर चढून बंद जागेतच जाईल. पुतण्याचं तोंड अजून वाकडंच आहे. तुमच्या मुलाला मात्र या रविवारी सकाळी आमच्या शेडवर पाठवा. आमचा वेल्डर कमी बोलतो, पण दाखवतो छान. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हातांनी काम करणाऱ्यांसाठीच, तेव्हा ‘मशीनकामात काय ठेवलंय’ असं निदान बडोद्यात तरी म्हणू नका.

आधी टर्बो लावू की आधी कूलिंगचं काम करू?
– एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

आधी कूलिंग. इंजिन जसं आहे तसंच ठेवून नवा रेडिएटर, श्राउड, पंखा आणि एक खरा तापमापक बसवा. कारखान्याचा काटा ‘मधोमध’ यापलीकडे काही सांगत नाही. मग गाडी पावागडला न्या, चांपानेरहून माचीपर्यंत, चार माणसं, एसी चालू, दुसरा गिअर. नवरात्रात नको. वेग कमी, चढ जास्त, वारा नाही, याहून कठीण परीक्षा आपल्या आसपास नाही.

आम्ही गेल्या रविवारी जाऊन आलो. बाहेर ३७ होतं. माचीला पोचेपर्यंत पाणी ९८ वर गेलं आणि तिथेच थांबलं. गाडी उभी केली, बॉनेट उघडलं, पंखा आणखी तीनेक मिनिटं फिरून आपोआप बंद झाला. खालच्या होजच्या क्लिपखाली एक थेंब लोंबत होता. पुतण्याने स्क्रूड्रायव्हर काढून अर्धा फेरा दिला, थेंब बोटाने पुसला, पाच मिनिटांनी पुन्हा पाहिला. कोरडं. टर्बो अजून खोक्यात आहे, शेडमधल्या माळ्यावर, वरून फडकं टाकलेला.